आठवा फर्मा

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेतो, नाहीतर तुझी आई म्हणेल, हे पत्र आहे की पंचनामा. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर त्या उंच स्टुलावर बसून पाण्याच्या बाटल्या तपासतेस, मध्ये उठून चार पावलं चालतेस का? जावईबापूंचा खोकला गेला का, की अजून औषधाची बाटली खिडकीत ठेवून नुसते तिच्याकडे बघतात? विहीणबाईंच्या गुडघ्याला नवा पट्टा मानवला का? आणि पिटुकलीचा पुढचा दात पडला, की अजून जिभेने हलवत बसलीय? तिला सांग, आजोबांचे दोन पडले आणि कुणी साधं कौतुकसुद्धा केलं नाही. इकडे तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता तिला लांबचं लख्ख दिसतं, म्हणून कपाटावरची धूळ रोज मला दाखवते. तुझ्या धाकट्या भावाचं बरं चाललंय, पुस्तकबांधणीच्या दुकानाचं शटर हल्ली तोच उघडतो. माझं म्हणशील तर रक्तदाब वयाला शोभेल असा आणि भूक वयाला न शोभेल अशी.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा दुकानात, उभ्याउभ्याच. दुसऱ्यांदा घरी तुझ्या आईला वाचून दाखवलं, तेव्हा मधला एक परिच्छेद गाळला. तिसऱ्यांदा फक्त तो गाळलेला परिच्छेद वाचला. तुमच्या प्रयोगशाळेत विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय, अनुभवाने ती तुझी आहे, आणि तुझ्या साहेबांनी तुझ्याकडून लेखी मागितलंय, की या जागेसाठी माझा विचार झाला नाही तरी माझी हरकत नाही. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायचं. का, तर त्या जागेवरच्या माणसाला बाहेरच्या लोकांसमोर उभं राहून पाण्याचे अहवाल समजावून द्यावे लागतात, आणि तुला उगाच त्रास नको. तू लिहिलंस की ऐकताक्षणी तुझ्या मनात आलं, मी बोलताना अडखळते म्हणून हे मला बाजूला सारतायत. आणि पुढे लिहिलंस, “पण बाबा, मग मी तुमचा तक्ता भरला. विरुद्ध बाजूला सात मुद्दे निघाले. साहेबांना माझी काळजी आहे, एवढंच. माझ्या मनाची ही जुनीच खोड, नाही का? तुम्ही वेळेवर दाखवून दिलीत म्हणून बरं.” ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला तीन वर्षं लागली, तेव्हा आता आणखी दोन-तीन पानं लागली तर रागावू नकोस.

तो तक्ता माझ्याकडे कुठून आला हे तुला अर्धंच माहीत आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण बांधणीला आलेल्या कागदांवर झालं. वकिलांची पुस्तकं बांधली तेव्हा कायदा वाचला, दवाखान्याची बांधली तेव्हा महिनाभर स्वतःचं यकृत चाचपत बसलो. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या समुपदेशन केंद्राने त्यांच्या शिकाऊ लोकांच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती बांधायला दिल्या. छापखान्यातून फर्मे आले, म्हणजे सोळा पानं एकत्र छापलेले मोठे कागद. असे दहा फर्मे घडी घालून शिवले की ते पुस्तक व्हायचं होतं. त्यातले पहिले सात आधी आले. घडी घालता घालता मी ते वाचले आणि मला वेडच लागलं. माणसाच्या मनात विचार आपोआप येतो आणि आपण त्याला खरा धरून बसतो, असं त्यात होतं. कुणी रस्त्यात ओळख दिली नाही की लगेच ‘तो माझ्यावर रागावलाय’. एक चूक झाली की ‘मला काहीच जमत नाही’. मग तो विचार पकडायचा, कागदावर उतरवायचा, त्यावर शंभरपैकी किती विश्वास बसतो ते लिहायचं, एका बाजूला त्याचा पुरावा, दुसऱ्या बाजूला विरुद्ध पुरावा, आणि शेवटी दोन्ही तोलून जो उरेल तो समतोल विचार. आयुष्यभर पुठ्ठे मोजून कापलेल्या माणसाला हे इतकं पटलं की बस. मी दिसेल त्याच्यावर प्रयोग सुरू केले. एकदा भाजी लागली तेव्हा तुझी आई म्हणाली, “माझं मेलं कशातच लक्ष नसतं.” मी लगेच म्हटलं, “कशातच? पुरावा काय?” तिने करपलेलं पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “हा घ्या. घासून झाला की परत द्या.”

नेमका त्याच आठवड्यात आमच्या बांधणीकारांच्या संघाने माझा सत्कार ठेवला होता. तू पिटुकलीला घेऊन आठ दिवस आली होतीस. संघाच्या चिटणीसांच्या दुकानात तू स्वतः गेलीस आणि विचारलंस, मी माझ्या बाबांविषयी बोलू का. चार पानं लिहिलीस. आतल्या खोलीत आरशासमोर उभी राहून रोज म्हणायचीस, मी बाहेरून ऐकायचो. ‘बांधणी’ शब्दावर अडायचीस, श्वास घ्यायचीस, पुन्हा धरायचीस. कार्यक्रमाच्या दिवशी चिटणीसांनी तुला सांगितलं की वेळ कमी आहे, भाषण तेवढं धाकट्याला वाचू दे, तो भरभर वाचेल. त्याने वाचलं. खणखणीत वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात तुझं एक वाक्य होतं, “माझ्या बाबांनी मला बोलताना कधी घाई केली नाही.” मी व्यासपीठावर मोठ्या खुर्चीत बसलो होतो आणि तू दुसऱ्या रांगेत, मांडीवर पिटुकली. तू माझ्याकडे बघत होतीस. मी समोरच्या फुलदाणीकडे बघत होतो.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, तू दुकानात आलीस आणि कापायच्या टेबलाला टेकून विचारलंस, “बाबा, तुम्हाला माझी ल... लाज वाटते का?” सरळ विचारलंस. मी सरळ उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं? कोरा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि म्हटलं, बस, आपण शास्त्रशुद्ध बघू. केवढा आनंद झाला होता मला, शिकलेलं काहीतरी लेकीच्या कामी येतंय म्हणून! तू विचार लिहिलास, ‘बाबांना माझी लाज वाटते’, आणि पुढे विश्वास शंभरपैकी नव्वद. पुराव्यात पहिला मुद्दा लिहिलास, माझं भाषण काढून घेतलं. मी म्हटलं, ते चिटणीसांनी, मी नाही. दुसरा लिहिलास, पाहुण्यांसमोर बाबा माझी वाक्यं पूर्ण करतात. मी म्हटलं, ते प्रेमापोटी. तिसरा लिहिलास, वेळ कमी होता म्हणाले, पण कार्यक्रम अर्धा तास आधी संपला, आपण निघालो तेव्हा रखवालदार पंखे बंद करत होता. त्यावर मी म्हटलं, सभागृहाचं घड्याळ मागे असेल, आणि तोही मुद्दा तुला खोडायला लावला. विरुद्ध बाजूचे सहा मुद्दे मीच सांगितले, त्यातले चार तर माझ्या हाताने लिहिले, वळणदार अक्षरात. खाली समतोल विचार आला, ‘बाबांना माझी काळजी आहे’. नव्वदाचे वीस झाले. तू डोळे पुसून हसलीस आणि म्हणालीस, “माझंच मन वाकडं बघतं.” मी तुझ्या पाठीवर थाप मारली.

आता या आठवड्याचं ऐक. तुझ्या पत्रातली ती काळजीची ओळ मला बसू देईना. ‘बाबांना’च्या जागी ‘साहेबांना’, बाकी शब्द न् शब्द तोच. बुधवारी केंद्रात गेलो. सांगायचं काय, तर शिलाई सैल झाली असेल म्हणून पुस्तकं बघायला आलो. तिथल्या समुपदेशक बाई म्हणजे वस्ताद. केस पिकलेले, चष्मा कपाळावर, बोलणं तासल्यासारखं. त्यांनी एक प्रत काढून पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, “तुमची शिलाई आहे, तीस वर्षं हलायची नाही. आता खरं काय ते बोला.” मी आडून आडून सांगायला लागलो. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांनी मुलीला असा तक्ता भरायला लावला वगैरे. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, “तो विचार कुणाबद्दल होता?” मी म्हटलं, गृहस्थांबद्दलच. “आणि विरुद्ध बाजूचे पुरावे कुणी दिले?” गृहस्थांनीच. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “म्हणजे आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच की हो. तुमच्या गृहस्थांची कमाल आहे.” मला हसू आलं. त्या म्हणाल्या, “आठवा फर्मा वाचला नव्हता वाटतं त्यांनी.”

वाचला नव्हता. शेवटचे तीन फर्मे आठवड्याने आले, तोवर तू परत गेली होतीस. केंद्राला घाई होती, घड्या धाकट्याने घातल्या, मी मान खाली घालून सुई चालवली. चाळीस प्रतींमध्ये आठवा फर्मा माझ्याच हाताने शिवला आणि त्यातली एक ओळ वाचली नाही. बाईंनी तिथे बसवून वाचायला लावला. त्यात लिहिलंय की प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधी ठरवून ठेवू नये. पुरावा दोन्हीकडचा सारख्याच मायेने ऐकावा. प्रश्न विचारावा आणि थांबावं, समोरच्याला स्वतःच्या वेळाने बोलू द्यावं. आणि सगळं तोलून विचार खराच निघाला, तर त्याला गोड करू नये. मग पुढचा प्रश्न घ्यावा, हे खरं आहे, आता काय करायचं? बाई म्हणाल्या, “माणसाला खरं दिसत असताना आपण जर म्हटलं की तुला चुकीचं दिसतंय, तर तो तेवढी एक गोष्ट विसरत नाही. तो आपल्या डोळ्यांवरच विश्वास ठेवायचा सोडतो.” मी त्यांना म्हटलं, ते गृहस्थ मीच. त्या म्हणाल्या, “ते मला तुम्ही आत आलात तेव्हाच कळलं. चप्पल काढायची राहिलीय तुमची.”

पण भिंगरी, त्या फर्म्याच्या आड मी लपणार नाही. न वाचल्यामुळे चूक झाली असं लिहिलं तर ते सोयीचं होईल आणि खोटं होईल. पुस्तक नसतं तरी खरं काय ते मला ठाऊक होतं. सत्काराच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी चिटणीसांच्या दुकानात गेलो. म्हटलं, मुलीला भाषणाला उभं करू नका, तिचं लिहिलेलं धाकट्याला वाचू द्या, तिला धड बोलता येत नाही, सगळी शिकलेली माणसं येणार, शोभा होईल. वेळ कमी आहे असं सांगा, माझं नाव घेऊ नका. चिटणीस म्हणाले, “अहो, पण पोरगी किती हौसेने विचारून गेलीय.” मी म्हटलं, तिची समजूत मी घालीन. वेळ भरपूर होता. घड्याळ बरोबर होतं. तुला दिसलं ते सगळं तसंच होतं, आणि त्यातला एकेक मुद्दा मी तुझ्याच हाताने खोडून घेतला. चौथी शिकलेला माणूस, चारचौघांत मान घ्यायला आलेला, म्हणून मी स्वतःलाच घाबरलो होतो, तुझी लाज नव्हतीच, असं लिहावंसं फार वाटतंय. दोन कागद तसे लिहून फाडलेही. पण त्या दिवशी मला तुझीच लाज वाटली. तू शब्दावर अडशील, सभागृह गप्प होईल, आणि ती चार क्षणांची शांतता माझ्या सत्काराला डाग लावेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे लिहिताना माझे कान तापलेत. तुझी आई शेजारच्या खोलीत आहे. तिलाही हे माहीत नाही. पत्र टाकून आल्यावर तिला सांगणार आहे.

आणि आता लाज वाटते का, हे तू विचारशीलच. शून्य, असं लिहून टाकायला हात शिवशिवतो. पण मागच्याच महिन्यात फोनवर तू पिटुकलीच्या शाळेचं सांगत होतीस, ‘प्रदर्शन’ शब्दावर थांबलीस आणि मी पलीकडून घाईघाईने म्हणालो, प्रदर्शन, प्रदर्शन. तू हो म्हणालीस आणि शाळेचं सांगणं तिथेच सोडलंस. तिथे तर तू न् मी सोडून ऐकणारं कुणीही नव्हतं. मग ती घाई कुणासाठी होती? बाईंनी मला घरचा अभ्यास दिलाय. समोरचं माणूस थांबलं की मी ओठ मिटून मनात टाके मोजायचे आणि काय होतं ते बघायचं. काल धाकटा दुकानात काही सांगता सांगता शब्द शोधायला थांबला, मी नऊ टाके मोजले. दहाव्याला तो म्हणाला, बाबा, तुम्हाला बरं नाही का? तुझ्याबाबतीत मला आणखी सराव लागणार. तू फोनवर मला टोकत जा.

मी माझाही तक्ता भरला. विचार लिहिला, ‘हे सांगितलं तर भिंगरी माझं तोंड पाहणार नाही.’ विश्वास, पंच्याहत्तर. बाजूने पुरावा भरपूर होता. विरुद्ध बाजूला लिहायला गेलो, ‘तिचा स्वभाव मायाळू आहे’, आणि खोडलं. तुझ्या चांगुलपणावर हिशेब मांडायचा मला काय हक्क? तो रकाना कोरा ठेवून मी पुन्हा केंद्रात गेलो आणि तक्ता बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “मग? खरं निघालं तर काय कराल?” मी म्हटलं, तरी सांगेन. त्या म्हणाल्या, “मग तक्ता पुरे झाला. घरी जा आणि लिहा.”

तेव्हा हे पत्र माफीसाठी म्हणून लिहीत नाही. माफी तुझी, तू ठरव, कधीच नाही ठरवलीस तरी चालेल. महिनाअखेरीला अकरा दिवस राहिलेत आणि पत्र पोचायला चार लागतात, म्हणून आजच लिहितोय. त्या कागदावर सही कर किंवा करू नकोस, ते मी सांगणार नाही, तुझ्या वतीने ठरवायची माझी सवय फार झाली. पण तुझं मन वाकडं बघतं, या विश्वासावर ती सही होऊ देऊ नकोस. ते मी तुला सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. माझ्या बाबतीत तुला पहिल्याच नजरेत जे दिसलं ते खरं होतं. साहेबांच्या बाबतीत खरं असेलच असं मी इथे बसून म्हणत नाही, मला ते ठाऊक नाही. पण ते सात मुद्दे तुझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत की साहेबांच्या तोंडून ऐकलेले, एवढं एकदा तपास. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या कुणाला तरी विचार. जमलं तर साहेबांनाच विचार, जसं त्या रविवारी मला विचारलंस तसं, सरळ. अडखळलीस तर अडखळ, त्यांना थांबू दे. आणि पत्राचं उत्तर लवकर पाठव. रागाचं असलं तर रागाचंच पाठव, मला बरं वाटावं म्हणून एक शब्दही मऊ करू नकोस. फोन केलास तरी चालेल, पण लिहिलंस तर बरं, म्हणजे मला मध्ये बोलता येणार नाही. मी रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेकडे बघत असेन.

तुझाच,
बाबा